डिझेलचा काटा

शेलूबाजारच्या स्टँडवर जेवढ्या जीपा उभ्या असतात, त्यांतल्या एकीचाही डिझेलचा काटा चालत नाही आणि त्याचं कोणाला काही दुःखही नाही. ड्रायव्हर टाकीचं झाकण काढतो, आत तुराटीची काडी घालतो, ती किती ओली झाली ते बोटांनी मोजतो आणि मंगरूळपीरच्या सवाऱ्यांना हाका मारायला लागतो. आमच्या भागात तूर पिकते तोवर ही पद्धत काही बंद पडायची नाही.

अपवाद फक्त माझ्या बाबांचा. त्यांच्या जीपचे सगळे काटे चालत आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला नावाच्याही आधी सांगत. "गाडीनं सांगतलं पायजे. तिच्या पोटात काड्या कायले घालाव?" असं म्हणत त्यांनी तीस वर्षं तुराटीला हात लावला नाही. साहजिकच, भर रस्त्यात डिझेल संपायचा मान साऱ्या स्टँडवर त्यांनाच मिळाला, तोही गेल्या एका महिन्यात दोनदा. दुसऱ्या वेळी गाडीत चक्क नवरदेव होता. तो बिचारा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून, मुंडावळ्या सांभाळत लग्नाला पोचला.

बाबा म्हणाले, काटा बिघडला. आई म्हणाली, काटा नाही, डोळे. "परवा यायनं आपल्याच म्हशीले लोकाची म्हणून हाकललं," हा तिचा पुरावा. म्हैस शहाणी, ती संध्याकाळी आपली आपण परत आली. पण वाद मिटेना, तेव्हा बाबांनीच अट घातली. मीटर खोलून पाहायचा. काटा खराब निघाला तर घरात पुन्हा कोणी डोळ्यांचं नाव काढायचं नाही. चांगला निघाला तर ते स्टेरिंगवर बसणार नाहीत. निवाडा करायला मला वाशिमहून बोलावलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर विजेचं सर्किट काढणाऱ्या बाईला जीपची वायरिंग कळतच असणार, असा घरच्यांचा समज. मी वर्गात एका सेलवर एक बल्ब पेटवते, तोही दर वर्षी पेटतोच असं नाही.

खरं सांगते, काटाच खराब निघावा असं मला मनापासून वाटत होतं. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारणारे बाबा मला बघवले नसते.

रविवारी सकाळी अंगणातच काम काढलं. आधी बॅटरीची वायर सोडली. स्टेरिंगमागची चौकट चार स्क्रूंवर होती. तीन मुकाट निघाले, चौथ्यानं अर्धा तास खाल्ला. बाबा शेजारी उभे राहून मला शिकवत होते. "दाबून फिरव, बाई. भाकर नाई थापून राह्यली तू." चौकट निघाली, मीटरही सुटला, पण वीतभर पुढे येऊन अडला. त्याच्या मागे स्पीडची केबल आटे फिरवून बसवलेली असते आणि ती बघता येत नाही, हात घालून चाचपत सोडावी लागते. माझा हात आत जाऊन नुसताच खरचटून बाहेर आला.

"सरक," बाबा म्हणाले. त्यांनी हात घातला, डोळे मिटले आणि चार वेढ्यांत केबल सोडवली.

"डोये मिटूनच बरं जमते यायले," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

मीटर बाहेर आला. वायरींचा जोड काढला, पुढची काच उतरवली. मागचे नट घट्ट होते, कुठे गंज नाही, कुठे तुटलेलं नाही. तरी मी पॉलिश पेपर घासला, कारण काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं होतं. बाबांचा चेहरा उतरला. "बिघाड आतमंधी असन," ते म्हणाले.

आता एकच परीक्षा उरली होती. टाकीकडून काट्याला येणारी वायर टाकीपाशी काढायची आणि गाडीच्या लोखंडाला टेकवायची. काटा चांगला असेल तर तो सरळ टाकी भरल्याच्या खुणेवर जातो. बिघडलेला असेल तर जागचा हलत नाही. बॅटरी परत जोडली, वायरींचा जोड मीटरला लावला आणि तो बिनकाचेचा मीटर स्टेरिंगवर बसलेल्या बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चावी फिरवली. मी मागे जाऊन टाकीखाली आडवी झाले.

वायर टेकवली. "बाबा, हालला काय?"

"नाई."

बोल्ट घासून पुन्हा टेकवली. "आता?"

"नाई म्हनतो ना! मेला हाय तो!"

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मलाही हसू आलं. जिंकलो होतो आम्ही. वायर बोल्टाला तशीच गुंडाळून ठेवली, हात झटकले आणि आईला चिडवायचं काय ते ठरवत पुढे आले.

आई चहाचा कप घेऊन जीपच्या, बाबांच्या बाजूच्या दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मीटरकडे बघत होती. काटा पार उजवीकडे, भरल्याच्या खुणेवर जाऊन टेकला होता.

"पाय, कसा पडून हाय," बाबा मला म्हणाले. ते थेट काट्याकडेच बघत होते. क्षणभर मला वाटलं, हट्टी माणूस, दिसत असूनही नाही म्हणत असेल. तसं काहीच नव्हतं. ते अगदी खरं बोलत होते.

महिनाभर जिंकायला टपलेली आई एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. पण घरातल्या दोन बायका एकदम गप्प झाल्या, म्हणजे काहीतरी झालंय, एवढं बाबांना तीस वर्षांत कळलेलं होतं. त्यांनी बोट पुढे केलं. काच नव्हतीच. डावीकडे, जिथे त्यांच्या मते काटा पडून होता, तिथे बोटाला काही लागलं नाही. ते हळूहळू उजवीकडे सरकत गेलं आणि शेवटाला काट्याला टेकलं.

"मंग गाडी बरी हाय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"आन् म्या साऱ्या स्टँडवर तिचं नाव खराब केलं." त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. "बसव मीटर. जाऊन सांगू सगळ्यायले."

आई म्हणाली, "आधी चहा घ्या." त्यांनी घेतला.

टाकीची वायर जागेवर लावली, मीटर बसवला. केबल पुन्हा त्यांनीच लावली. मी स्टेरिंगवर बसले आणि बाबा पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढले. त्या बाजूचं दार थोडं वर उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. "उचलून लावा, उचलून!" असं बाबा रोज सवाऱ्यांवर ओरडत आलेले. आता स्वतः त्या बाजूला बसून त्यांनी दार नुसतंच ओढलं, ते लागलं नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा आपटलं. मग हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. मी उतरले, पलीकडे गेले आणि दार बाहेरून उचलून लावून दिलं.