चिनी आरमार आणि अध्यक्षीय समारोप

अमेरिका कोलंबसाने नव्हे, चिन्यांनी शोधली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. बर दुबईतल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची सकाळ होती, म्हणजे सुट्टी. नवरा हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कोलंबसाच्या आधी सत्तर वर्षं! विचार कर." मी विचार केला. मेथीला माती फार होती.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा एका शिपिंग कंपनीत होता. जगातल्या यच्चयावत बंदरांत त्याने कंटेनर पाठवले, पण स्वतः कधी जहाजावर पाऊल ठेवलं नाही. क्रीक ओलांडणाऱ्या अब्रात, म्हणजे त्या उघड्या लाकडी होडीत, पाचेक मिनिटं बसला तरी तो पांढराफटक पडायचा आणि पलीकडे देऱ्याला उतरल्यावर आधी लिंबाचं सरबत शोधायचा. अशा माणसाला दर्यावर्दी लोकांचं वेड लागावं याचं मला हसू यायचं, आणि ते हसू मी लपवलं नाही.

त्याचं म्हणणं असं. चीनच्या मिंग बादशहाने एक प्रचंड आरमार समुद्रात सोडलं. ते कालिकतला आलं, आमच्या अंगणातल्या होर्मुझला आलं, आफ्रिकेला गेलं. इथवर सगळ्यांना मान्य आहे. वाद पुढे सुरू होतो. पुस्तक म्हणत होतं की त्यातली काही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेला पोचली, काही ऑस्ट्रेलियाला, आणि मग घरी येऊन बघतात तर राज्य फिरलेलं आणि दरबाऱ्यांनी सगळ्या नोंदी जाळून टाकलेल्या. पुरावा काय, तर काही जुने नकाशे, समुद्रात सापडलेले दगड आणि दक्षिण अमेरिकेतल्या कोंबड्या. कोंबड्या चिनी वळणाच्या होत्या म्हणे.

हे तो सगळ्यांना सांगू लागला. ऑफिसात सांगितलं, लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण घेऊन निघताना दारात गाठून सांगितलं. आमची मुलगी तेव्हा सातवीत. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ थिअरी," आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात साताऱ्याहून अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, एकटेच. एरवी मी नवऱ्याला 'अरे' म्हणते. अण्णा आले की दोन महिने 'अहो'. त्यात जीभ अडखळते, पण घरात शांतता राहते.

अण्णा वाईट नव्हते. ते कौतुक करत नसत, एवढंच. नवऱ्याला मॅनेजर केलं तेव्हा त्याने उड्या मारत साताऱ्याला फोन लावला होता. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हं. तिकडे पाऊस झाला का?" दुबईत! तो बिचारा खिडकीतून आभाळाकडे बघून "नाही अजून" म्हणाला. त्रेचाळिसावं लागलं तरी त्याला वडिलांकडून एकदा 'बरं केलंस' ऐकायचं होतं. तो हे कधी बोलला नाही. पण मी त्याची बायको आहे, आंधळी नाही.

म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. मंडळाच्या मासिक व्याख्यानाला मुंबईहून यायचे ते वक्ते व्हिसात अडकले होते. सेक्रेटरी बँकेत होते आणि त्यांना सगळ्याची घाई असायची. "तुमचं ते चायनीज ठेवू या," ते म्हणाले. "पाऊण तास. मग वडे. यल्ला, फायनल!"

नवरा तयारीला लागला. प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागदांवर नकाशे काढले, त्या जहाजावर आजचे किती कंटेनर बसले असते याचा हिशोब मांडला. अण्णांनी पुस्तक मागून घेतलं आणि लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मग माझे हाल सुरू झाले. बापलेक एकमेकांशी थेट बोलत नसत. अण्णा हॉलमधून म्हणायचे, "त्याला सांग, एवढं लांब लाकडी जहाज मोठ्या लाटेवर मधोमध मोडेल." मी बेडरूममध्ये जाऊन सांगायचे. नवरा म्हणायचा, "त्यांना सांग, चिन्यांना आत कप्पे करायची युक्ती माहीत होती." मी परत हॉलमध्ये. पोळ्या तव्यावर करपत होत्या आणि मी मिंग साम्राज्याची टपालसेवा चालवत होते.

त्यातच सेक्रेटरींचा फोन आला. अध्यक्ष ठरले होते. अण्णा!

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. व्याख्यान म्हटलं की अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष म्हटलं की पांढरे केस हवेत. आम्ही सगळे तिशी-चाळिशीतले, पांढरे केस आणणार कुठून? त्यामुळे त्या महिन्यात ज्याचे आईवडील व्हिजिटवर आलेले असतील ते अध्यक्ष. विषय कुठलाही असो. शेअर बाजारावरच्या भाषणाला सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या एक आजी अध्यक्ष होत्या. त्यांनी समारोपात बाळाला गुटी कधी द्यावी ते सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि त्यांच्यानंतर कोणी बोलायचं नसतं.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "दुसरं कोणी नाही का हो?"

"वहिनी, ह्या मंथला व्हिजिटवर एवढेच सीनियर आहेत. पत्रिका प्रिंट झाली. खलास!"

नवऱ्याला सांगितलं तर तो नकाशा रंगवता रंगवता थांबला. "म्हणजे मी बोलायचं आणि मग त्यांनी," तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. अण्णांनी मात्र मला कोटाला इस्त्री करायला सांगितली. लाल पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

ऊद मेथातल्या एका शाळेचा हॉल मिळाला होता. मंडळाच्या मानाने गर्दी बरी होती, कारण वडे तिथेच मागच्या दारात तळले जाणार होते. आणि नवरा चांगला बोलला. मी हे बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मी त्याला बरंच काही सांगत असते. एरवी ऑफिसच्या मीटिंगमध्ये चहाचा कप शोधणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्याने आम्हाला त्या आरमारावर चढवलं. घोड्यांसाठी वेगळी जहाजं होती, पिण्याच्या पाण्याची वेगळी. क्षितिजावर जमीन दिसत नाही आणि परतीची वाट ठाऊक नाही, तेव्हा त्या खलाशांना काय वाटलं असेल, हे सांगताना त्याचा आवाज हलला. मागे बसलेली पोरंही गप्प झाली. शेवटी एका बाईंनी उठून विचारलं, "आमच्या मालवणच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लोणच्याच्या चिनी बरण्या आहेत. त्या पुराव्यात धरता येतील का?" नवरा गंभीरपणे म्हणाला, "बघावं लागेल."

मग अण्णा उठले. खांद्यावर मंडळाची शाल, हातात कागद. "मुद्दा पहिला," ते म्हणाले.

नोंदी जाळल्या म्हणून पुरावा नाही, हे त्यांच्या मते 'गुरुजी, वही घरी राहिली' या जातीचं कारण होतं. ते त्यांनी चौथीच्या वर्गातही कधी चालवून घेतलं नव्हतं. नकाशे कोणी, कधी, कशावरून काढले? सांगता येत नाही. मग ते बाजूला. कोंबडी चिनी वळणाची होती हे ठरवलं कोणी? लोक हसायला लागले. स्टेजवर शेजारच्या खुर्चीत बसलेला नवराही हसला, पण ते हसू मी ओळखते. चुकलेलं गणित फळ्यावरच असताना मुलं तशी हसतात. मला अण्णांचा असा संताप आला की शाल ओढून खाली बसवावं त्यांना. तेवढ्यात मागच्या दारातून वड्यांचा वास आला आणि अर्धा हॉल हळूहळू त्या दिशेने सरकला.

पाचवा मुद्दा चालू असताना वॉचमन आत आला आणि सेक्रेटरींच्या कानाशी लागला. सेक्रेटरींनी नवऱ्याला खूण केली. आमच्या गाडीने कोणाची तरी व्हॅन अडवून धरली होती आणि तो व्हॅनवाला बाहेर अरबीतून जगाचा उद्धार करत होता. नवरा किल्ली घेऊन मागच्या बाजूने निघून गेला. अण्णांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पान उलटलं, शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी!

ते थांबले. चष्मा काढला. त्यांना वाटलं, पोरगा उठून गेला. पाणी प्यायले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"सिद्धान्त टिकत नाही," ते म्हणाले. आवाज आता वर्गातला नव्हता. "पण इतकी वर्षं मी शिकवलं. पाठ केलेलं उत्तर लिहिणारी मुलं ढिगाने पाहिली. आपल्याला जे कळत नाही त्याच्या मागे असं वेड्यासारखं धावणारं मूल माझ्या वर्गात एकच होतं, आणि ते माझ्या घरी राहायचं. त्याला मी तसं कधी सांगितलं नाही. जमलं नाही. त्याने आज मला समुद्रावर फिरवून आणलं. मला आवडलं."

खुर्ची भरलेली असती तर हे त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नसतं, हे मला तिथेच कळलं. मला रडू आलं आणि मी ते पदराने नव्हे, पत्रिकेनेच पुसलं. नवरा घामाघूम होऊन परत आला तेव्हा सेक्रेटरी नारळ देत होते. त्याने मला हळूच विचारलं, "एकूण किती मुद्दे काढले?"

घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे बूट काढले. "उगाच माझी समजूत काढू नकोस," तो म्हणाला. "अण्णा असं बोलणार नाहीत. पुरावा काय?"

माझं डोकंच फिरलं. चिन्यांच्या कोंबड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस बायकोवर ठेवायला तयार नाही! मी सेक्रेटरींना फोन लावला. "हो हो, फार छान बोलले, सगळ्यांचंच कौतुक केलं," ते म्हणाले. अण्णा ते बोलले तेव्हा सेक्रेटरी नारळ शोधत होते. मालवणच्या बाई वड्यांच्या रांगेत होत्या. व्हिडिओवाल्याच्या कॅसेटमध्ये पाचव्या मुद्द्यानंतर थेट कढई येते. मुलगी म्हणाली, "आजोबा सेड समथिंग नाइस, आय थिंक." शेवटी मी अण्णांनाच गाठलं, नवऱ्यासमोर.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी नीट केली. "मी विषयाला धरूनच बोललो," ते म्हणाले. "चहा होतोय का?"

अण्णा साताऱ्याला परत गेले. पुढे त्या पुस्तकाला जाणकारांनी पार सोलून काढलं, आणि नवऱ्याने ते मान्यही केलं. आता अण्णांना जाऊनसुद्धा बरीच वर्षं झाली. पण अजून कधीतरी, जेवण झाल्यावर ताटं तशीच असताना, नवरा एकदम विचारतो, "तेव्हा अण्णा नक्की काय म्हणाले होते गं?"

मी सांगते, चष्मा काढला तिथपासून. तो मध्ये बोलत नाही, पुरावाही मागत नाही. 'ते माझ्या घरी राहायचं' या वाक्याशी आले की हात वर करतो आणि म्हणतो, "एवढं परत सांग."