टॉवेलाखालचा पगार

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाची किंमत कोणी तोंडानं बोलत नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकतो आणि त्याखाली बोटं धरून, सोडून भाव ठरतो. भोवती गर्दी असली तरी आकडा दोघांतच राहतो. माझे वडील आयुष्यभर तिथं दलाली करत आले, त्यामुळे पैशाचा आकडा मोठ्यानं विचारणं आमच्या घरात बरं दिसत नाही. ही रीत माझ्या चांगलीच पथ्यावर पडली.

मी नगरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. दिवाळीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. गावात मात्र मी ‘प्रोफेसर’. पुण्याच्या एका महागड्या संस्थेत मी कर्ज काढून बी. ए., एम. ए. केलं, त्या कर्जावर वडिलांचीही सही आहे. सही करताना त्यांनी विचारलं होतं, “ह्ये शिकून व्हनार काय?” मी त्यांना राज्यसंस्थेचं स्वरूप समजावायला बसलो. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “म्हंजी आमदार?” मी नाही म्हणालो नाही. बैलाचे दात बघितल्याशिवाय टॉवेलाला हात न लावणारा हा माणूस, पण पोटच्या पोराचे दात बघायचे राहून गेले.

वर्गात मी कायद्याचं राज्य शिकवतो. ते प्रत्यक्ष पाहायचं तर माझा हप्ता पाहावा. ठरल्या दिवशी, कोणाचंही तोंड न बघता खात्यातून कापला जातो. पगाराकडे अजून राजेशाही आहे. मर्जी झाली की येतो.

या उन्हाळ्यात बहीण बारावी झाली आणि म्हणाली, दादाचाच विषय, दादाचीच संस्था. म्हणजे पुन्हा कर्ज. दोष माझाच. सुट्टीला घरी आलो की मी लोकशाहीवर इतकं बोलायचो की आईच्या भाकरी करपायच्या. वडील तिला म्हणाले, “आदी तुज्या भावाचं कसं चाललंय ते इचारतो, मग सही.” तिचं शिक्षण माझ्या पगारावर येऊन अडलं, आणि नगरजवळच्या केडगावातल्या माझ्या खोलीवर मला बोलावणं आलं.

मी थेट बाजारातच गेलो. बहीण जेवणाचा डबा घेऊन आधीच येऊन उभी होती. वडिलांनी विचारलं, “पगार किती हाय?”

“आप्पा, तसं सांगता येत नाही. तासावर असतं.”

आजूबाजूच्या दोन-तीन दलालांनी कान टवकारले. वडिलांनी माझा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

त्यांनी सुरुवात पंज्यापासून केली. मी नाही म्हणून मान हलवली. अंगठा सुटला. मी पुन्हा मान हलवली. करंगळी सुटली. तीन बोटांवर मी मान खाली घातली.

“पोराला बैल दावतो व्हय?” शेजारचा एक दलाल ओरडला.

“न्हाई, पोरगाच इकायला आनलाय,” वडील म्हणाले आणि हळूच विचारलं, “हप्ता?”

मी त्यांची दोन बोटं दाबली. उरलेल्या एका बोटावर मी, माझी खोली, मेस आणि गाडीचं पेट्रोल. एका बोटाला किती, ते इथंही सांगणार नाही. वडील रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसताच माझा हात धरून ठेवला. मला भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात टॉवेलाखाली तिसरा हात शिरला. बहिणीचा.

“आगं, बायामानसांचा हात नस्तो हितं,” वडील दचकून म्हणाले.

“असू द्या आप्पा.” तिनं माझी तीन बोटं चाचपली, मग हप्त्याची दोन मिटवली. “दादा, बोटांनी सांगितलंस, आता तोंडानं सांग. परत शिकायचं झालं तर हाच विषय घेशील?”

पन्नास पोरांपुढे तासभर अडखळत नाही मी, पण इथं अडखळलो. वर्गात एखादी पोरगी उठून “सर, हे पटत नाही” म्हणते, तेव्हा मी हप्ता विसरतो. तेच आठवलं.

“घेईन,” मी म्हणालो. “पण कर्ज काढून नाही. पुण्यात तर नाहीच. हाच विषय आमच्या कॉलेजात थोडक्या फीत होतो.”

“आन ऱ्हायाची कुटं ती?” वडिलांनी विचारलं.

राज्यशास्त्राच्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की आपलाच ठराव आपल्याच अंगावर येणार आहे. बहिणीनं माझं उरलेलं एकुलतं एक बोट घट्ट धरलं आणि सोडेचना.

“माझ्याकडं,” मी म्हणालो.

वडिलांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. काष्टीत सौदा पक्का झाला की विकल्या गेलेल्या बैलाला गुलाल लावतात. त्यांनी पुडीतून चिमूटभर काढला, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझ्या कपाळाला लावला. दर वर्षी नव्यानं नेमणूक होणारा मी, त्या दिवशी पहिल्यांदा कायम झालो.