वाळ्याच्या पडद्याच्या आतली बाजू

मे महिन्यात नागपूर? घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण तिथल्या हुडकेश्वर भागात राहणाऱ्या आत्याचा फोन आला होता, "ये वं. मले एकदा त्या बंगल्याच्या आत बसाचं आहे, तेही उन्हाळ्यातच." ऐंशी उलटलेल्या बाईला दिवाळीपर्यंत थांब म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुण्याच्या गाडीतून उतरले आणि स्टेशनबाहेर तर्री-पोहे हाणले. तर्री, म्हणजे तो झणझणीत रस्सा, वरून मागून घ्या, लाजू नका. मग आत्याला घेऊन रिक्षाने सदर भागातल्या त्या बंगल्याकडे निघालो. भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि रस्ताभर आत्याचं ऐकून घेतलं.

हा बंगला म्हणजे मध्यप्रांताच्या काळातलं कॉलेजच्या गोऱ्या प्रिन्सिपॉलचं घर. माझे आजोबा तिथे माळी. उन्हाळ्यात बाग बाजूला राहायची. दारांत टांगलेल्या वाळ्याच्या पडद्यांवर दहापासून ऊन कलेपर्यंत बादल्या मारायच्या. ओल्या वाळ्यातून वारा आत जायचा, साहेब गारव्यात वाचत बसायचा आणि आजोबा बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू खात उभे. तेव्हा लहान असलेली आत्या पडद्याखाली गळणाऱ्या पाण्यात पाय गार करायची. आत जायची बंदी.

"बाबा म्हणे, आत डिसेंबर असते," रिक्षात ती म्हणाली. "त्यानं बी कुठं पाह्यला होता? मले तरी पाहू दे."

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशी प्रिन्सिपॉल आले. ते स्वतःच्याच घरी राहिले आणि बंगल्यात कचेऱ्या शिरल्या. जेवणघरात फी, निजायच्या खोलीत परीक्षा! कारकुनांसाठी पडदे कोण भिजवणार? पडदे उतरले, आजोबांचं काम गेलं आणि आत्या फाटकाबाहेर पडली ती आजपर्यंत बाहेरच.

दारात नत्थूभाऊ शिपाई भेटले, निवृत्तीला आलेले. "कोणाले भेटाचं आहे, आजी?"

"खोलीले."

ते हसले आणि आम्हाला आत घेतलं. चौकटींवरच्या लोखंडी आकड्यांना छत्र्या आणि एक हेल्मेट लटकत होतं. हे आकडे काहून आहेत ते कोणालेच मालूम नाही, असं ते म्हणाले. आत्याने त्यांना पडद्यांची सगळी हकिगत सांगितली.

साहेबाच्या वाचायच्या खोलीत आता अर्जांचे गठ्ठे आहेत. आत्या खुर्चीवर बसली. खिडकीतला कूलर गरम झळा फेकत होता. तिचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांनी आत आली, आन् लूच खाऊन राहिली!" मला फार वाईट वाटलं.

"पंप बिघडला हो," नत्थूभाऊ म्हणाले आणि बादली घेऊन बाहेर गेले. खिडकीपलीकडून कूलरच्या वाळ्याच्या जाळ्यांवर पाणी मारल्याचा आवाज आला. एक बादली, दोन, तीन. मग ओल्या वाळ्याचा वास आला आणि हवा गार झाली. आत्याने डोळे मिटले. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तिने डोळे उघडले. "थो बाहेरच उभा आहे का?"

"पाणी मारून राहिलेत."

"बलाव त्याले."

नत्थूभाऊ घामाने निथळत आले. आत्या उठली आणि आपली खुर्ची पुढे सरकवली. "बस गा. पाणी मारणारानं बी आत बसाव." ते अवघडून टेकले. समोरच्या टेबलामागे काम करणाऱ्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या पुन्हा अर्ज चाळू लागल्या.

"फोटो काढ वं," आत्या म्हणाली. मी तिच्याकडे मोबाइल वळवला. "माहा नाही, त्याचा."

परतताना पुण्याला आणलेली संत्रा बर्फी दोन दिवसांत संपली. फोटो आहे: खुर्चीत नत्थूभाऊ, डोळे मिटलेले, कपाळावरचा घाम वाळत आलेला. आत्याने तो मोठा करून, चौकटीत लावून मागितलाय. आजोबांचा फोटो आमच्या घरात एकही नाही.