कोपरा कापलेलं कार्ड

"मास्तर, धोंडूनं आलेलं पत्र चुलीत टाकलंन नि पळाला!" स्वैपाकाच्या पाळीवरचा एक पोरगा ओरडत आला तेव्हा मी बाजारातून आणलेली तांदळाची गोणी गाडीतून उतरवून घेत होतो. "कुठं पळाला?" तर त्यानं देवरूखच्या रस्त्याकडे बोट केलं. तीस मैलांची वाट आणि पोराचं वय अकरा!

एकोणीसशे तिसाच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा देवरूखजवळच्या एका शाळेत मास्तर आणि वरून स्काउटमास्तर. रत्नागिरीला समुद्राकाठी सुरूच्या बनात आमचा आठ दिवसांचा कॅम्प होता. पस्तीस मुलं. आठ-नऊ मुलांची एक टोळी, तिला पॅट्रोल म्हणायचं. स्वैपाक, पाणी, झाडलोट सगळं पॅट्रोलांनी पाळीपाळीनं करायचं. ते पोरं झकास करतात. अडतं ते घरच्या आठवणीपाशी. पहिला दिवस गमतीत जातो, दुसरा दमण्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी भरल्या ताटावर डोळे गळायला लागतात.

त्यावर माझा एक उपाय होता. कॅम्पच्या आधी घरोघर जाऊन मी एकेक कार्ड देऊन आलो होतो. तिसऱ्या दिवशी पोचेल अशा बेतानं टाका म्हणून सांगितलं. बऱ्याच आयांना लिहिता येत नव्हतं. त्यांना म्हटलं, "दोन ओळी कुणाकडून तरी लिहून घ्या, पण कोपऱ्याला कुंकवाचं बोट स्वतः लावा. पोराला तेवढं पुरे."

आता कॅम्प-चीफ. मुंबईहून एक साहेब आले होते. साहेब म्हणजे आपलेच, मराठीच, पण पायातला बूट डोक्यात गेलेले. मुलांचं सगळं टपाल ते आधी स्वतः वाचत. रडवणारा मजकूर नको म्हणे! वाचा बापडे, म्हटलं. पण त्या दिवशी मी बाजारात असताना त्यांनी कात्री काढली आणि पत्रं वाटून मोकळे झाले.

धोंडूला मी सायकलवरून मैलभरात गाठलं. घामानं न्हाला होता. रडत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मास्तर, आये गेली माजी."

"कोण म्हणतं?"

"कार्डाचा कोपरा फाडलेला व्हता."

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची बातमी, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. त्याच्या आईला नववा महिना लागलेला, बाप मुंबईला गिरणीत. पोरानं कोपरा बघितला आणि वाचायचा धीर न होऊन कार्ड चुलीत घातलं. बाकीची मुलंही कोपरे बघून पांढरीफटक पडली होती, पण त्यांनी निदान पुढं वाचलं तरी.

धोंडूला परत आणून मी तडक चीफच्या तंबूत शिरलो.

"साहेब, कार्डांचे कोपरे कुणी कापले?"

"मीच. पास केल्याची खूण. कोपऱ्यांवर लाल डाग होते, तेवढाच भाग कापला. डागही गेला, खूणही झाली."

"कोपरा गेलेलं पत्र आपल्यात कशाचं असतं, ठाऊक आहे ना?"

"आहे की! पण असल्या खुळचट समजुती मोडायलाच आपण कॅम्प काढतो, मास्तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अहो, समजुती मोडायच्या तर मोडा, स्वतःच्या घरच्या मोडा! अकरा वर्षांच्या पोराच्या काळजावर कसली प्रॅक्टिस करता?

"धोंडूच्या पत्रात काय होतं?"

"पस्तीस कार्डं वाचली मी. खुशालच असणार."

असणार! आता हे 'असणार' मी त्या पोराला कुठल्या तोंडानं सांगू? तरी सांगितलं. धोंडू एवढंच म्हणाला, "मग कोपरा कशाला फाडलान?" त्यानं दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. नववा महिना म्हटल्यावर माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

"मी उद्या त्याला घरी नेऊन आणतो," मी चीफना म्हटलं.

"एकाला नेलंत की दहा रडतील. नेलंत तर पुढच्या कॅम्पमधून तुमचं नाव कमी."

"करा कमी."

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. देवरूखच्या अलीकडे उतरून दोन मैल चाललो. वाडी दिसल्यावर पोराचे पाय उचलेनात. शेवटी हाताला धरून ओढत नेला. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती, पोट सावरून.

"काय रे मेल्या, पळून इलास काय?"

धोंडूनं तिच्या पदरात तोंड खुपसलं आणि जो हंबरडा फोडला, तो मला आजही आठवतो. झालं ते मी सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी मेल्ये असा माज्या पोराला सांगितलान? कोन त्यो? हाड हाय काय त्याच्या जिभंला?"

मी मान खाली घातली. बाईनं आम्हां दोघांना भात-कुळथाचं पिठलं वाढलं. धोंडू तीनदा भात मागून जेवला, हात धुतला नि म्हणाला, "मास्तर, मोटार कदी हाय? उद्या सैपाकाची पाळी आमच्या पॅट्रोलची." उरलेले चार दिवस त्यानं घराचं नाव काढलं नाही.

कॅम्प संपल्यावर चीफचा रिपोर्ट शाळेत आला. 'टपालावर कडक देखरेख ठेवल्यामुळे मुलांना घरची आठवण त्रासदायक झाली नाही. एक मुलगा मास्तरांच्या बेशिस्तीमुळे एक दिवस गैरहजर.' पुढच्या वर्षी यादीत माझं नाव नव्हतं. कॅम्पवर मुलांचं टपालच बंद केलं होतं असं कळलं.

तीस वर्षं पोरं सांभाळून मला एवढंच कळलं. आई घरी धडधाकट आहे म्हटल्यावर पोर आठ दिवस कुठंही राहतं. त्याहून जास्त शिस्त त्याला लागत नाही. ती लागते कॅम्प-चीफला.