लग्नाची सीडी आणि वाढीव मेमरी

माझ्या लग्नाचं शूटिंग जुन्नरात कुणाकडे मिक्सिंगला दिलं असतं तर सीडी कधीच हातात पडली असती. पण माझ्याकडे जुना लॅपटॉप होता आणि अंगात शहाणपणा फार. शूटिंगवाल्याने सगळं त्यात भरून दिलं आणि तीच कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नाला नेली.

लॅपटॉप मात्र हळदीपाशी आला की अडकून बसायचा. बाजारपेठेतले कॉम्प्युटरवाले शेठजी म्हणाले, "मेमरी वाढवा भाऊ, लई पळंल." वाढवली. खरंच पळायला लागला. फक्त तयार फिल्म सेव्ह करायला गेलो तर म्हणे डिस्कमध्ये जागा नाही. कालपर्यंत होती की! माझं डोकं फिरलं. तणतणत दुकानात गेलो. शेठजींनी चहा पाजला आणि यातलं आपल्याला काही कळत नाही, असं मोकळेपणाने सांगून टाकलं.

उलगडा पुण्याच्या मावसभावाने फोनवर केला. वीज गेली की मी लॅपटॉप हायबरनेट करायचो. तसं झोपताना तो मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवतो, आणि त्यासाठी मेमरीएवढी जागा कायमची अडवून ठेवतो. मेमरी वाढली तसं त्याचं अंथरूणही वाढलं. "ती सोय बंद कर, जागा मिळेल," तो म्हणाला. पुण्यात बसून बोलायला काय जातं? आमच्याकडे लोडशेडिंग, आणि लॅपटॉपची बॅटरी उदबत्तीएवढीही टिकत नव्हती. सोय बंद केली की दिवसभराचं काम पाण्यात.

लॅपटॉपमध्ये पुसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणजे लग्नातलंच काहीतरी काढायला हवं होतं. आई म्हणाली, "माझ्या भावांचे सत्कार काढायचे न्हाईत. पुन्हा दारात यायचे न्हाईत ते." मग बोट बायकोच्या माहेरच्या, कळंबच्या मंडळींकडे वळलं. माहेरची माणसं बघायला तिला तेवढीच फिल्म होती. ती पदराशी चाळा करत बसली आणि मला फार वाईट वाटलं.

काढण्याजोगं शोधताना एक हलता तुकडा लागला. शूटिंगवाला कॅमेरा बंद करायला विसरला होता. मांडवामागे माझी आई सकाळपासून उपाशी असलेल्या नवरीला लाडू भरवत होती, आणि कुणी बघू नये म्हणून दुसऱ्या हाताने तिच्यापुढे पदर धरून उभी होती.

"हे काढ आधी," आई म्हणाली. "काय अवतार दिसतोय माझा."

"नाय आई, हे राहू द्या," बायको म्हणाली. आईचा शब्द तिने पहिल्यांदाच मोडला होता.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "कळंबची माणसं बी राहू दे."

मग दोघींनी मिळून घोड्यावरून मांडवापर्यंतची माझी मिरवणूक काढायला लावली. आईच्या मते त्यात घोडाच जास्त दिसत होता. आमच्या लग्नाच्या सीडीत मी कुठून येताना दिसत नाही. अंतरपाटामागे एकदम उभाच असतो.