उकंडरावांच्या घरातला बंद पंखा

उंद्रीत महालक्ष्म्या कोणाच्याही घरी बसोत, मखर उकंडरावांचंच असतं. पतंगी कागदाच्या घड्या घालून बारीक छिन्नीनं ते अशी जाळी कोरतात, की मागं दिवा ठेवला तर भिंतीवर मोर उतरतात. एक पाकळी फाटली तरी अख्खा ताव टाकून नव्यानं बसतात. "काय संयम हो माणसाचा!" म्हणतं गाव. गावाला म्हणायला काय जातं? हाच माणूस चहा जरा उशिरा आला तर कप भिरकावतो.

कागद उडतो म्हणून श्रावण लागला की घरातला एकुलता पंखा बंद. विमलबाईंनी सगळा संसार या घामात काढला. चिकटवायची खळ त्यांनीच शिजवायची, गुठळी राहिली की शिव्याही त्यांनीच खायच्या.

यंदा लेक पुष्पांजली बाळंतपणाला आली होती. बाळाच्या अंगभर घामोळं, रडून आवाज बसलेला.

"बाबा, जरासा पंखा लावू द्या. लेकरू तळमळून राह्यलं."

"तुमच्या वक्ताले होते काय पंखे? जगले ना तुमी?" उकंडरावांनी मानही वर केली नाही. "देवीचं काम हाय हे. कोप पाह्यजे काय तुले?"

देवीचं नाव काढलं की बायका गप्प बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. हे हत्यार ते छिन्नीहून सफाईनं चालवतात.

पुष्पांजलीनं पिशवी भरायला घेतली. "माय, मले उद्या सासरी धाडून दे. तिथं कूलर हाय."

सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण परत धाडायची! विमलबाई उठल्या आणि त्यांनी पंखा पाचावर सोडला.

मोर घरभर उडाले. एक थेट खळीच्या पातेल्यात पडला. उकंडराव धोतर सावरत त्यांच्यामागं उड्या मारू लागले.

"अवं, बंद कर! सारं काम गेलं माह्यं!"

"बसा मंग पुन्हा. लय संयम हाय म्हन्ते ना गाव तुमाले!"

उकंडराव रुसून, कागद गोळा करून मारुतीच्या मंदिरात जाऊन बसले. तिथंही चार रिकामटेकडे 'वा वा' करायला जमलेच. दोन दिवसांनी शेजारच्या अन्नपूर्णाबाईंच्या हाती निरोप आला, बोलवायला आलात तर येतो.

"राहू द्या त्यायले तिथंच," विमलबाई म्हणाल्या. "देवाले गरमी होत नाही."

लेकीची पिशवी रिकामी करून त्यांनी कपडे फडताळात लावले. मग ज्यावर उकंडराव कागद कोरत तो पाट धुतला आणि बाळाला न्हाऊ घालायला त्यावर बसल्या.