तीन फुसकारे

फुमिए काजितानी बाईंना गॅरेज नवऱ्याकडून मिळालं, कान मात्र स्वतःचा. नवरा होता तेव्हा भिंतीपलीकडून त्या सांगायच्या, हे इंजिन धापा टाकतंय. तो हसायचा, मग तपासायचा, मग हसायचा नाही. आता बाई एकाहत्तरच्या आहेत. हिरोशिमाच्या आसपास कुणी जुनी रोटरी गाडी विकायला काढली की तिची नाडी बघायला त्यांनाच बोलावतात.

त्या रविवारी जिगोझेनच्या किनाऱ्यावर ओकिमोतोसानकडे बोलावणं होतं. ओकिमोतोसानने जन्मभर कालवं काढली आणि सत्तावीस वर्षं एकच लाल गाडी सांभाळली. आता तो लेकीकडे ओकायामाला राहायला चालला होता आणि तिथं गाडीला जागा नव्हती. गिऱ्हाईक होते ओसाकाचे दाताचे डॉक्टर, हारागुची. त्यांनी सरळ सांगितलं होतं, इंजिनात दम असेल तर चालवायला नेईन, नसेल तर सुट्या भागांसाठी. ओकिमोतोसान तेव्हापासून नीट जेवला नव्हता.

गाडी आरशासारखी चकचकत होती. पण किल्ली फिरवली तर सुरूच होईना. इंजिन नुसतं गरगरत राहिलं.

डॉक्टरांनी हाताची घडी घातली. बाईंनी दोन प्लग काढले, बिस्किटांच्या डब्यातलं दाबमापक बसवलं आणि डोळे मिटून स्टार्टर मारायला सांगितलं. या इंजिनात दट्ट्या नसतो, तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू, म्हणून फुसकारे तीन. फुस, फुस, फुस. काटा पाचाच्याही खाली. सहाच्या खाली गेलं की इंजिन मेलं असं समजतात. दुसरा रोटरही तसाच.

"म्हणजे भंगार," डॉक्टर म्हणाले. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं.

बाईंनी काढलेले प्लग नाकाशी धरले. रोटरच्या टोकाची, दाब अडवून धरणारी पट्टी तुटली असती तर एखादा फुसकारा लंगडला असता. इथं सहाही सारखेच मरगळलेले. शिवाय प्लग ओले, पेट्रोलचा भपका.

"ओकिमोतोसान, सकाळी गाडी हलवली होती?"

"नाही बुवा."

बाईंनी दाराच्या फटीतून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"मग आंघोळ कुणी घातली हिला? समुद्राने?"

ओकिमोतोसान कानापर्यंत लाल झाला. पाहुणे येणार, गाडी मळकी कशी दाखवायची? म्हणून शेडमधून नळापर्यंत, जेमतेम तीन मीटर आणली आणि बंद केली. गार इंजिन सुरू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं आणि पट्ट्यांवरचं तेल धुऊन नेतं. सगळा दाब निसटतो. हे व्याख्यान बाईंनी त्याला प्रत्येक नवीन वर्षाला दिलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याने मान डोलावली होती.

"माणसाचे कान झिजतात, तशी मानसुद्धा झिजायला हवी होती तुमची."

बाईंनी पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर मारला, आतलं उडवून लावलं, चमचाभर तेल सोडलं आणि कोरडे प्लग बसवले. गाडी खोकली, निळ्या धुराने शेजारणीची वाळत घातलेली चादर झाकून टाकली आणि गुरगुरायला लागली.

डॉक्टर चांगले हुशार. म्हणाले, तेल घालून दाब फुगवता येतो, ऐकलंय मी.

"येतो ना, लबाड लोक तेच करतात. म्हणून आता तुम्ही चालवा, अर्धा तास, चढाला. तेल जळू दे. मग मोजू."

ओकिमोतोसान घरात गेलाच नाही, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. गाडी परतली तेव्हा डॉक्टरांचे केस विस्कटलेले होते आणि चेहरा दहा वर्षांनी लहान. बाईंनी गरम इंजिनाला मापक लावलं. या वेळी फुसकारे दाराशी झोपलेल्या मांजराने ऐकले आणि ते पळालं. सात पूर्णांक आठ, सात पूर्णांक सात, पुन्हा सात पूर्णांक आठ. दुसऱ्या रोटरचंही तेच.

"चालवायला नेतो," डॉक्टर म्हणाले. "पण धुवायची असली तर नळापर्यंत न्यायची कशी?"

"ढकलत," बाई आणि ओकिमोतोसान एकदमच म्हणाले.

मग ओकिमोतोसानने कालवं भाजायला घेतली आणि पहिली सहा स्वतःच खाल्ली.